थांब म्हणेपर्यंत

माझ्या हातून बर्लिन पडलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

म्हणजे असं माझं मत होतं. नवी नोकरी, नवं लग्न, नवी छत्री. सास्तूरच्या अलीकडच्या त्या गावात इतिहास शिकवणारी मी एकटीच बाई, त्यामुळं जगाचा इतिहास आपल्याच पदराला बांधलाय अशा थाटात मी पदर सावरत चालायची. त्या वर्षी गॅदरिंगला बाकीच्या वर्गांनी कोळीनाच नि लेझीम बसवलं. मी म्हटलं, छे, आपण दुसऱ्या महायुद्धाचा शेवट करायचा. नाटक मीच लिहिलं आणि नाव ठेवलं ‘बर्लिनचा पाडाव’. हेडमास्तर म्हणाले, “बाई, एखादं दारूबंदीचं बसवा की. लोकांना कळंल तरी.” मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते चहा प्यायला निघून गेले.

रॉकेलच्या पिंपांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. निळं लुगडं पसरलं, ती बर्लिनची नदी. काजळाची मिशी काढलेला सातवीतला पोरगा हुकूमशहा. माझंच लाल पोलकं काठीला बांधलं, तो जिंकणाऱ्यांचा झेंडा. राहता राहिल्या तोफा. त्यासाठी फळ्यांच्या खाली, अंधारात, पाचसहा पोरी बसवल्या. प्रत्येकीच्या हातात दगड. वर लढाई सुरू झाली की त्यांनी खालून फळ्या ठोकायच्या. त्यांत सहावीतली सुशीला होती. सांगितलेलं काम जसंच्या तसं करणारी. तिला मी बजावलं होतं, “मी थांब म्हणेपर्यंत वाजवायचं.”

नाटक झकास झालं. गल्लीगल्लीतनं पोरं लढली, नदीच्या लुगड्यात दोघं पाय अडकून पडली, हुकूमशहा उताणा झाला, माझं पोलकं उंच फडकलं आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या ऐकून खालच्या पोरी थांबल्या. सुशीला थांबली नाही. मी थांब म्हणालेच नव्हते. विसरले. टाळ्या घेण्यात गुंतले होते ना.

टाळ्या ओसरल्या, तरी फळ्यांच्या खालून एकटा आवाज येत राहिला. ठक ठक. थोडं थांबून, ठक.

पहिल्या रांगेत सरपंचांच्या शेजारी आमचे घरमालक बसले होते, दस्तगीरचाचा. युद्धावर जाऊन आलेला माणूस म्हणून मीच त्यांच्या गळ्यात हार घातला होता. ते उठले. स्टेजवर चढले. मेलेल्या पोरांना ओलांडून मधोमध आले, गुडघ्यावर बसले आणि फळीला कान लावला. मग बोटाच्या पेरानं वाजवलं, ठक ठक, ठक. खालून उत्तर आलं. तशी त्यांनी फळीच्या फटीत बोटं घातली आणि फळी उपसायला लागले.

लोकांना वाटलं हेही नाटकातच आहे. मला वाटलं माझ्या नाटकाचा विचका होतोय. कर्णा माझ्या हातात होता. मी म्हटलं, “चाचा, खाली बसा. बर्लिन पडलं आता.”

सगळं गाव हसलं. मीही हसले. मनात म्हटलं, काय हजरजबाबी आहे मी.

चाचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फळी बाजूला केली, आत हात घातले आणि सुशीलाला काखेत धरून वर काढलं. तिच्या केसांत जाळं, तोंडावर धूळ, मुठीत अजून दगड. आपल्या रुमालानं त्यांनी तिचं तोंड पुसलं, तिला खांद्यावर घेतलं आणि माणसांतनं वाट काढत तिच्या घराकडं चालू लागले. गळ्यात माझा हार तसाच. खांद्यावरून मागं बघत ती पोरगी मला विचारत होती, “बाई, थांबू का?”

मी हात हलवला. त्याचा अर्थ काय होता ते माझं मलाही माहीत नाही.

आता त्या माणसाबद्दल सांगते.

दस्तगीरचाचा उंच, काटक, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. पायजमा, पैरण आणि बारा महिने एक खाकी कोट. तेरणेकाठी काळी जमीन, दोन बैलजोड्या, गावात वजन. कुणी तावातावानं भांडण घेऊन आलं की चाचांचं एकच ठरलेलं असायचं, “बघू. आधी समदे गप बसा.” मग खरंच सगळ्यांना गप बसवायचे, इतका वेळ की भांडायला आलेल्यांना भांडण कशावरून होतं ते आठवायचं नाही.

त्यांच्या घराच्या अर्ध्या भागात आम्ही नवराबायको भाड्यानं राहायचो. गावातली बाकीची घरं दगडमातीची, वर माळवद. म्हणजे लाकडाच्या सरांवर हातहातभर पांढरी माती. उन्हाळ्यात आत शिरलं की माठात शिरल्यासारखं गार. चाचांच्या बापानंही असंच घर बांधलं होतं. युद्धावरून परत आल्यावर चाचांनी पहिलं काम काय केलं, तर ते माळवद उतरवलं. भिंती कमरेइतक्या ठेवल्या, वर लाकडी खांब, मधे ज्वारीच्या ताटांचा कूड आणि डोक्यावर पत्रा. बाप मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही म्हणे. खातंपितं घर असून पत्र्याखाली राहतो म्हणून गाव त्यांना हसायचं, आणि हसण्यात मी मागं कशी राहणार?

“चाचा, एप्रिल लागला की आमची भाकरी तव्याशिवाय भाजते.”

“भाजा की. लाकडं वाचतील.”

“पण माळवद काय वाईट होतं?”

“माती मेल्यावर हायच की वर, बाई. आत्तापासनं कशाला?”

त्यांच्या बैलांची तर वेगळीच तऱ्हा. सगळं गाव बैलांना हाकताना जे म्हणतं ते चाचा म्हणत नसत. ते म्हणायचे, “लोस.” बैल चालायचे. एकदा त्यांनी भूमच्या बाजारात एक जोडी विकली. आठवड्याभरात तो शेतकरी एसटीनं हजर. घामाघूम, चिडलेला.

“चाचा, फसवलं का मला? बैल जागचे हलंनात. चाबकानं हलंनात, पेंडीनं हलंनात.”

“लोस म्हणा.”

“म्हंजे काय?”

“जर्मन हाय. मलाबी ठाऊक न्हाय काय ते. कैदेत मला म्हणायचे, मी चालायचो.”

तो माणूस ‘लोस, लोस’ घोकत परत गेला. आम्ही पोट धरून हसलो. चाचा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. तो माणूस गेला त्या दिशेनं बघत बसले.

तर जर्मनांच्या कैदेत. बापाशी एका बैलावरून भांडण झालं म्हणून हा माणूस सोलापूरला जाऊन इंग्रजांच्या फौजेत भरती झाला, वाळवंटात पकडला गेला आणि एका मुलखातून दुसऱ्या मुलखात फिरत शेवटी बर्लिनला पोचला. एवढं गावाला माहीत होतं. पुढचं कुणी विचारायचं नाही. विचारलं की चाचा म्हणायचे, “लई थंडी असती तिकडं.” आणि उठून गोठ्यात जायचे.

पण त्यांची जी खोड गावाला सगळ्यात जास्त ठाऊक होती ती दाराची. त्यांचं दार कुणी वाजवलं की चाचा नुसते दार उघडायचे नाहीत. आधी आतून ठोकायचे. भिंत जवळ असली तर भिंतीवर, जेवत असले तर ताटावर. मग ओरडायचे, “हाय मी. आलो.” गावातल्या पोरांना याहून चांगला खेळ कुठं मिळणार? दार वाजवायचं, आतला ठोका ऐकायचा आणि पळायचं. चाचा दर वेळी उठायचे, दार उघडायचे, रिकाम्या गल्लीत दोन्हीकडं बघायचे आणि परत जाऊन घास उचलायचे.

करीमाचाची कातावायच्या. “अहो, पोट्टे हैत ते. कैकू उठते तुम्ही?”

“पोट्टेच असतील,” चाचा म्हणायचे. “पण नसले तर?”

लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी मीही एकदा वाजवलं होतं. शिक्षिका असून. वाजवलं आणि लिंबामागं लपले. चाचा बाहेर आले, दोन्हीकडं बघितलं आणि झाडाकडं तोंड करून म्हणाले, “बाई, पदर दिसतोय.” आणि दार लावून घेतलं.

आणि पाव. आम्ही एकदा तुळजापूरला देवीला गेलो तेव्हा स्टँडजवळच्या बेकरीतून ताजा पाव आणला, चाचाचाचींसाठी. गावात तेव्हा पाव मिळायचा नाही, तो आजाऱ्याचा नाहीतर चैनीचा. चाचांनी तो दोन्ही हातांनी घेतला, नाकाशी नेला, फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मला गोठ्यात बैलांपुढं दिसला. मला असा राग आला. चाची म्हणाल्या, “मनाला नक्को लावून घेऊ, बाई. भाकर नसली तर उपाशी निजतील, पण पाव खायचे न्हाईत.” मी मनात म्हटलं, विलायतेला जाऊन आला आणि गावंढळच राहिला. माझ्या मनाला तेव्हा फार बोलायची सवय होती.

तर गॅदरिंगचा दुसरा दिवस. सुट्टी होती. आमच्या ह्यांनी सकाळपासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटी मी अंगणात गेले. चाचा बाजेवर बसून अंबाडीचं चऱ्हाट वळत होते.

“चाचा, काल मी कर्ण्यात बोलले ते...”

“त्या पोरीला थांब म्हणाल्या का?”

“कुणाला?”

“सुशीलाला. तिची आय सांगत होती, घरी जाऊन पाट वाजवत बसली. बाई म्हणाल्या न्हाईत म्हणती.”

मला हसू आलं. “शाळा भरली की सांगते.”

ते पुन्हा चऱ्हाटाकडं वळले. मी उभीच. वाटलं आता ‘लई थंडी असती’ म्हणतील. तसं म्हणाले नाहीत.

“तुमच्या नाटकात तोफा बराबर होत्या,” ते म्हणाले. “आम्हाला दगडं उचलायला नेलं होतं तिथं. वरून विमानं घरं पाडायची, खाली आमी रस्ते मोकळे करायचो. शेवटाला तोफाच गल्लीत आल्या. मग आम्हाला कोंबलं तळघरात, तिथल्याच लोकांत. बाया, म्हाताऱ्या, लेकरं. त्यांचं त्यांना जड झालं होतं, आमच्याकडं कोण बघतंय. मग घर बसलं.”

“बसलं म्हणजे?”

“वरचं खाली आलं.”

त्यांनी चऱ्हाटाला पीळ दिला.

“शेजारच्या घराचं तळघर भिंतीपल्याड. तिकडनं कोणतरी वाजवायला लागलं. मी इकडनं वाजवलं. बाई का बापय, म्हातारं का लेकरू, कायबी म्हाईत न्हाय. त्यानं वाजवलं की मी, मी वाजवलं की त्यानं. पाणी न्हवतं, दिवा न्हवता. पण ते होतं. एका म्हातारीकडं चमचा होता, त्या चमच्यानं मी चुना उकरत होतो. उकरायचो, वाजवायचो. म्हणायचो, आलो. आपल्या बोलीत म्हणायचो, त्याला काय कळणार? पण म्हणायचो.”

“मग?”

“मग वर गप झालं. दुसरी फौज आली. त्यांनी भोक पाडलं नि आम्हाला वर ओढलं. उजेड असा डोळ्यात गेला. मी त्या शिपायाला हातानं दावलं, तिकडं, भिंतीपल्याड. जमिनीवर ठोकून दावलं. त्याला वाटलं, भूक लागली म्हणतोय. त्यानं खिशातनं पाव काढला नि माझ्या हातात दिला.”

“मग तो पाव?”

“खाल्ला की,” चाचा म्हणाले. “उभ्या उभ्या खाल्ला. समदे चालले होते, मीबी चालायला लागलो. चालत चालत खाल्ला. पाव सरला तवा ध्यानात आलं. मागं फिरलो तर कंचं घर नि कंची गल्ली? जिकडंतिकडं दगडंच. रातसारी वाजवत फिरलो. लोकांना वाटलं येडा.”

त्यांनी चऱ्हाट बाजेखाली ठेवलं.

“मला वर ओढलं तवा ते वाजवतच होतं, बाई.”

मी आत आले आणि चूल पेटवायला बसले. पत्रा तापला होता. त्या दिवशी मी त्याला नावं ठेवली नाहीत.

त्यानंतर महायुद्धाचा धडा आला की मी पुस्तकातल्या दोन ओळी वाचायची आणि पुढं जायची. नाटकं लिहायचं सोडलं. आमचं हे भाड्याचं घर मात्र सुटलं नाही. बदली आली की हेडमास्तरांच्या पाया पडून थांबायचो. मुलं झाली, मोठी झाली, तीही दार वाजवून पळाली आणि त्यांनाही आतून ठोका मिळाला. एकदा मी शाळेतला जगाचा नकाशा रंगवायला घरी आणला होता. चाचांनी विचारलं, “ह्यात बर्लिन कुठं हाय?” मी ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, ठिपक्यावर नखानं हळूच वाजवलं आणि मान कलती करून बसले. बराच वेळ. मी रंगाची वाटी घेऊन उभी. मग चाचींनी चहाला हाक मारली.

सुशीलाचं लग्न लातूरकडं झालं. नांदती होती, लेकुरवाळी. दर वर्षी गौरीला माहेरी यायची आणि मला भेटायला आली की पाया पडून हसायची, “बाई, मी अजून वाजवतेच आहे हं.” आमच्या दोघींची ती थट्टाच होऊन बसली होती. मीही तिला म्हणायची, “वाजव वाजव. मी सांगेन तुला.”

त्या वर्षीही ती गौरीला आली आणि चार दिवस जास्त राहिली.

गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला. तो कसा झाला हे मी सांगत बसत नाही, आमच्या भागात ज्याला त्याला आपापलं पाठ आहे. उजाडलं तेव्हा गाव नव्हतं. दगडमातीचे ढीग होते आणि त्यांच्यावर धूळ. आमच्या डोक्यावर पत्रा तसाच होता, नुसता वाकलेला. शेजारची भिंत अंगणात आली, त्यात आमच्या ह्यांचा पाय मोडला. ज्या पत्र्याला मी तेवीस वर्षं नावं ठेवली त्याच्याखालून आम्ही सगळे जिवंत बाहेर आलो.

चाचा तेव्हा सत्तरीच्या पुढं. खलातला लोखंडी बत्ता हातात घेऊन ते ढिगांवर चढत होते. दगडावर बत्ता वाजवायचे आणि कान लावायचे. पण सगळीकडं आकांत. “समदे गप बसा,” ते ओरडत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. त्यांनी मला शोधून काढलं.

“बाई, तुमचा तो कर्ण्यातला आवाज काढा.”

मी काढला. ज्या आवाजानं मी त्यांना खाली बसायला सांगितलं होतं, त्याच आवाजानं गावाला गप केलं. पहिल्या ढिगाखालून शेजारची म्हातारी निघाली. बाहेर येताच सुनेला शिव्या द्यायला लागली, तिचं एक डोरलं सापडत नव्हतं. त्या दिवशी तेवढंच कुणीतरी हसलं.

मग सुशीलाच्या माहेरचं घर. गावातलं सगळ्यात जाड माळवद त्यांचं. तिची आई ओसरीवर झोपलेली म्हणून वाचली होती, सुशीला आत होती. चाचांनी बत्ता वाजवला. खालून आलं. ठक ठक. थोडं थांबून, ठक.

मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं.

दिवसभर उपसलं. हातांनी, फावड्यांनी, गाडीच्या जुवानं. एक दगड काढला की दोन घसरायचे. चाचा एका जागेवरून हलले नाहीत. वाजवायचे, उत्तर यायचं, म्हणायचे, “हाय मी. आलो.” दुपारनंतर उत्तर यायचं थांबलं. जवान आले, त्यांनीही कान लावला, एकमेकांकडं बघितलं आणि जिथून माणसाचा आवाज येत होता त्या ढिगाकडं गेले. त्यांनी योग्यच केलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

सुशीलाला बाहेर काढलं ते दुसऱ्या दिवशी, यंत्र आल्यावर. हे मला पुढं कळलं. तिच्या मुठीत दगड होता का, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही. चाचा त्याच वर्षीच्या थंडीत गेले, निवाऱ्याला दिलेल्या शेडमध्ये. आम्ही तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात ह्यांच्या पायापाशी होतो. त्यामुळं मी त्यांना शेवटचं बघितलं ते भूकंपाच्या दिवशी संध्याकाळीच.

जखमींना न्यायला ट्रक आला होता. ह्यांना वर चढवलं, आता मला निघायचं होतं. त्याच ट्रकमधून शहरातल्या लोकांनी पाव पाठवले होते. कोण कुठली पोरं, ढिगाढिगांवरून फिरत ज्याच्या त्याच्या हातात पाव ठेवत होती. चाचांना निरोप द्यावा म्हणून मी वर चढले. ते पालथे झोपले होते, दगडाला कान लावून, मातीनं पांढरेफटक. बत्ता वाजवत होते. खालून काही येत नव्हतं. पुन्हा वाजवत होते. डाव्या हातात कुणीतरी दिलेला पाव तसाच.

‘चाचा, खाली उतरा’ हे माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. नुसतं म्हटलं, “चाचा, आम्ही निघतो.”

त्यांनी मान वर केली. हातातल्या पावाकडं बघितलं, जसा तो आत्ताच कुणी तिथं ठेवलाय. नाकाशी नेला. मग माझा हात ओढून घेतला, त्यात तो पाव ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

“हा तुमी धरा, बाई,” ते म्हणाले. “तुमी तिला अजून थांब म्हणाला न्हाय.”